झटक्याचे मूळ

मराठीत या आजाराला नावांची कमतरता नाही. फेफरे, मिरगी, आकडी, फीट आणि वैद्यांच्या ग्रंथांतला अपस्मार. पण हे सगळे शब्द अख्ख्या माणसाला लागतात. माणूस पडतो, दातखीळ बसते, शुद्ध जाते, मग कोणी कांदा हुंगवतो, कोणी चप्पल नाकाशी धरतो. मेंदूच्या एखाद्या बोटभर कोपऱ्यात बिघाड आहे आणि सगळा खेळ तिथून सुरू होतो, ही कल्पना जेमतेम दीडशे वर्षांची. त्या कोपऱ्याचा पत्ता कवटी न उघडता, प्रतिमा घेऊन सांगता येतो का आणि सांगितलेला पत्ता कितपत खरा मानायचा, या प्रश्नावर आज काय स्थिती आहे, ते पाहू.

प्रश्न सगळ्या रुग्णांचा नाही. जगात सुमारे पाच कोटी लोकांना अपस्मार आहे आणि त्यांतल्या बहुतेकांचे झटके गोळ्यांनी आटोक्यात येऊ शकतात. पॅट्रिक क्वान आणि मार्टिन ब्रॉडी यांनी ग्लासगोतल्या ५२५ रुग्णांचा मागोवा घेऊन २००० साली निष्कर्ष मांडले. ज्यांनी आधी कोणतेच औषध घेतले नव्हते, त्यांच्यातल्या ४७ टक्क्यांचे झटके पहिल्याच औषधाने थांबले. दुसरे किंवा तिसरे औषध लागू पडलेले फक्त १४ टक्के. त्यामुळे योग्य निवडलेली दोन औषधे पुरेशा मात्रेत घेऊनही झटके चालू राहिले, तर तो 'औषधाला न जुमानणारा' अपस्मार, अशी व्याख्या २०१० पासून रूढ झाली. साधारण एक तृतीयांश रुग्ण या गटात मोडतात. त्यांच्यापैकी ज्यांचे झटके मेंदूच्या एका भागातून उगवतात, त्यांच्यासाठी शस्त्रक्रियेचा मार्ग उरतो आणि तिथे पत्त्याला किंमत येते. पत्ता चुकला तर निरोगी मेंदू कापला जातो आणि फीट तशीच राहते.

लक्षणे वाचून

पहिली 'प्रतिमा' रुग्णाच्या अंगावरच उमटलेली होती. लंडनच्या क्वीन स्क्वेअरमधल्या रुग्णालयात जॉन ह्युलिंग्ज जॅक्सन झटक्यांचा क्रम बारकाईने टिपत असे. थरथर अंगठ्यात सुरू होते, मनगटावर येते, दंडावरून चेहऱ्याकडे सरकते. मेंदूच्या पृष्ठभागावर काही तरी क्रमाने पसरत असले पाहिजे, असे अनुमान त्याने १८७० च्या दशकात काढले. हा क्रम त्याला घरातही पाहावा लागला. त्याच्या पत्नीला मेंदूतल्या रक्ताच्या गुठळीनंतर असेच झटके येत आणि त्या आजारात ती गेली. पुढे मे १८८६ मध्ये व्हिक्टर हॉर्सली याने त्याच रुग्णालयात, लहानपणी डोक्याला मार लागलेल्या एका २२ वर्षांच्या तरुणाच्या मेंदूतला व्रण काढला. क्ष-किरणांचा शोध लागायला तेव्हा आणखी नऊ वर्षे होती.

येना इथल्या हान्स बर्गर याने माणसाच्या डोक्यावरून मेंदूतल्या विजेची नोंद १९२४ साली पहिल्यांदा घेतली आणि १९२९ मध्ये ती प्रसिद्ध केली. या नोंदीमुळे, म्हणजे ईईजीमुळे, दोन झटक्यांच्या मधल्या शांत काळातही मेंदू ठिणग्या टाकताना दिसू लागला. माँट्रिअलमध्ये वाइल्डर पेनफील्ड आणि हर्बर्ट जॅस्पर यांनी जागृत रुग्णाच्या उघड्या मेंदूवर विजेचा हलका स्पर्श करून झटक्याची पूर्वसूचना कुठून उमटते ते शोधले. आपल्याकडे ही विद्या थेट तिथूनच आली. पेनफील्डच्या हाताखाली शिकलेले जेकब चँडी यांनी १९४९ मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात देशातला पहिला न्यूरोसर्जरी विभाग उभा केला आणि १९५२ साली तिथे अपस्मारावरची शस्त्रक्रिया झाली.

व्याख्येतली गोम

पुढची यंत्रे समजून घेण्याआधी एका व्याख्येपाशी थांबायला हवे, कारण निम्मा वाद तिथेच आहे. फेलिक्स रोझेनौ आणि हान्स ल्यूडर्स यांनी २००१ साली मेंदूचे सहा भाग वेगळे सांगितले. झटका नसतानाही ईईजीवर ठिणग्या टाकणारा भाग हा एक. दुसरा, झटका प्रत्यक्ष जिथे सुरू होतो तो. तिसरा, ज्याच्यामुळे लक्षण दिसते तो. झटका एखाद्या मूक भागात सुरू होऊन हाताच्या भागापर्यंत पोहोचला तरच हात उडतो, त्यामुळे दुसरा आणि तिसरा भाग वेगळे असू शकतात. चौथा, स्कॅनवर डाग दिसतो तो. पाचवा, एरवीही ज्याचे काम मंद चालते तो. आणि सहावा, ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप: जो काढला तर झटके थांबतील असा मेंदूचा कमीत कमी भाग.

गोम अशी की, पहिले पाच भाग मोजायला कोणती ना कोणती तपासणी आहे. सहाव्यासाठी एकही नाही. तो काढल्यावर झटके थांबले, तर म्हणायचे की तो काढलेल्या तुकड्यात होता. त्या तुकड्यात नेमका कुठे, हे तरीही कळत नाही. म्हणजे हा पत्ता घर पाडल्यावरच सिद्ध होतो.

या सहाव्या भागालाच झटक्याचे मूळ म्हणतात. फ्रेंच परंपरेने मात्र 'मूळ' हा शब्द वेगळ्या अर्थाने घेतला. पॅरिसच्या सेंट-ॲन रुग्णालयात जाँ तालेराख आणि जाँ बांको यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून मेंदूत खोलवर बारीक तारा घालून झटका उगवताना आणि पसरताना नोंदवला. त्यांच्या दृष्टीने मूळ म्हणजे झटका जिथे सुरू होतो आणि सुरुवातीला संघटित होतो ते सगळे क्षेत्र. त्याचा शस्त्रक्रियेच्या निकालाशी व्याख्येतच संबंध नाही. दोन्हीकडचे डॉक्टर एकच शब्द वापरतात आणि वेगवेगळ्या गोष्टी शोधतात. परिषदांमधले कितीतरी मतभेद याच एका शब्दातून निघतात, असे माझे मत झाले आहे.

डाग दिसला तर

१९८० च्या दशकात एमआरआय आला आणि शोधाचे गणितच बदलले. मेंदूच्या कानाकडच्या भागात, टेम्पोरल लोबच्या आत वळून बसलेला हिप्पोकॅम्पस आक्रसलेला आहे, हे पूर्वी शवविच्छेदनात किंवा काढलेल्या तुकड्यात कळे, ते आता जिवंत माणसात दिसू लागले. फोकल कॉर्टिकल डिस्प्लेझिया, म्हणजे जन्माआधीच मेंदूच्या सालीची घडण एखाद्या ठिकाणी बिघडलेली असणे, हाही आजार तसाच. १९७१ मध्ये त्याचे वर्णन काढलेल्या तुकड्यांवरून झाले होते.

एमआरआयच्या बाजूने सगळ्यात भक्कम मुद्दा असा की, डाग दिसला आणि तो काढला तर झटके थांबण्याची शक्यता, काहीच न दिसलेल्या रुग्णांच्या मानाने, साधारण अडीच पट भरते. पण 'काहीच दिसले नाही' या वाक्याची किंमत पाहणाऱ्यावर ठरते. बॉनच्या एका पथकाने २००२ मध्ये हे आकड्यांत दाखवले. नेहमीच्या पद्धतीचा एमआरआय आणि सामान्य रेडिओलॉजिस्टचा अहवाल, यांतून ३९ टक्के डाग सापडले. त्याच फिल्म अपस्माराच्या जाणकाराने पाहिल्या तेव्हा ५० टक्के. अपस्मारासाठी खास आखलेला स्कॅन जाणकाराने वाचला तेव्हा ९१ टक्के. या क्षेत्रातला मला सर्वांत बोलका वाटलेला अभ्यास हाच. यंत्राची ताकद वाढवण्याआधी काप किती जाडीचे घ्यायचे, हिप्पोकॅम्पसला काटकोनात घ्यायचे की नाही आणि ते कोणी वाचायचे, यातच निम्मी लढाई आहे. आंतरराष्ट्रीय अपस्मार संघटनेच्या कृतिगटाने २०१९ मध्ये एक मिलिमीटर जाडीच्या त्रिमितीय प्रतिमांचा किमान आराखडा सुचवला, तो यासाठीच. ७ टेस्लाच्या यंत्रांनी पूर्वी सुटलेले काही डाग दिसतात, पण टेम्पोरल लोबच्या तळाशी, नेमके हवे तिथे, त्यांचे चित्र बिघडते.

विरुद्ध बाजूचा मुद्दा: डाग आहे म्हणजे तोच गुन्हेगार, असे नाही. भारतात हे वारंवार समोर येते. डुकराच्या फीतकृमीची अंडी पोटात जाऊन मेंदूत गाठी होतात. त्या विरल्या तरी कॅल्शियमचा ठिपका मागे राहतो आणि सीटी स्कॅनवर पांढराशुभ्र चमकतो. एखाद्या रुग्णात असा ठिपका एका ठिकाणी आणि आक्रसलेला हिप्पोकॅम्पस दुसरीकडे. फीट कोणामुळे? ठिपक्याने वर्षानुवर्षे डिवचून हिप्पोकॅम्पसची ही अवस्था केली की दोघांची गाठ योगायोगाने पडली? दोन्ही मतांचे अभ्यासक आहेत आणि निर्णय रुग्णागणिक, झटक्याचे चित्रीकरण पाहूनच करावा लागतो.

साखर आणि रक्त

एमआरआय कोरा आला तर मेंदूचे काम पाहायचे. पेट स्कॅनमध्ये किरणोत्सारी खूण लावलेली साखर टोचतात आणि झटका नसताना कोणता भाग ती कमी खातो ते पाहतात. टेम्पोरल लोबची डावी-उजवी बाजू ठरवायला ही तपासणी फार उपयोगी. एमआरआय स्वच्छ पण पेटवर एक टेम्पोरल लोब मंद, अशा रुग्णांचे शस्त्रक्रियेनंतरचे निकाल डाग दिसलेल्यांच्या तोडीचे येऊ शकतात, हे मेलबर्नच्या अभ्यासातून पुढे आले. पण मंदावलेला पट्टा खऱ्या मुळापेक्षा सहसा मोठा असतो. तो वाडी सांगतो, घर नाही.

स्पेक्ट मेंदूतला रक्तप्रवाह दाखवतो आणि त्याची गोष्ट जास्त नाट्यमय आहे. झटका चालू असताना खूण लावलेले औषध टोचावे लागते. ते पहिल्याच फेरीत मेंदूत मुरते आणि तिथेच थांबते, म्हणून प्रतिमा नंतर निवांत घेता येते. त्यासाठी परिचारिका भरलेली सिरिंज घेऊन खाटेशेजारी तासन्‌तास बसून राहते. झटका सुरू झाल्यावर काही सेकंदांत टोचले तर मूळ सापडते. अर्ध्या-एक मिनिटाचा उशीर झाला तर झटका जिथे पोहोचला तो मुक्काम दिसतो, निघाला ते गाव नाही. झटक्यातल्या चित्रातून शांत वेळचे चित्र वजा करून उरलेला फरक एमआरआयवर बसवायची रीत मेयो क्लिनिकच्या गटाने १९९८ मध्ये प्रस्थापित केली. तिने अचूकता वाढली, पण सिरिंजच्या घड्याळाचे काही करता आले नाही.

ईईजी आणि कार्यात्मक एमआरआय एकाच वेळी करण्याचा प्रयोग तीसेक वर्षे चालू आहे. स्कॅनरमध्ये असताना ठिणगी पडली तरच काही दिसते, आणि रुग्णालयांच्या रोजच्या कामात ही पद्धत अजून रुळलेली नाही.

कुकरची शिट्टी

विजेचा उगम बाहेरून मोजून काढायचा, तर एक जुनी गणिती अडचण आडवी येते. ती हेल्महोल्ट्झने १८५३ मध्येच सांगून ठेवली आहे: पृष्ठभागावरची एकच नोंद आतल्या असंख्य मांडण्यांतून येऊ शकते. चाळीच्या अंगणात उभे राहून वर कोणाच्या खोलीत कुकरची शिट्टी झाली हे सांगायचे, तसले हे काम. एकच कुकर असेल तर कान बरोबर सांगतो. दोन टोकांच्या दोन खोल्यांत एकदम शिट्ट्या झाल्या, तर कान मधल्याच रिकाम्या खोलीकडे बोट दाखवतो. उगम एकच आहे, असे गृहीत धरणारी गणिते मेंदूतही अशीच फसतात. विस्तृत उगम मानणारी गणिते ती चूक टाळतात, पण उत्तर पसरट देतात. शिवाय डोक्यावर ठिणगी दिसायला मेंदूच्या सालीचा बराच मोठा तुकडा, साधारण दहा चौरस सेंटिमीटर, एकदम पेटावा लागतो, असे डोक्यावर आणि थेट मेंदूवर एकाच वेळी नोंदी घेतल्यावर आढळले. त्याहून लहान आग बाहेर कळत नाही.

तरीही ईईजीवरून उगम काढण्याची पद्धत अनेकांच्या अपेक्षेपेक्षा पुढे गेली. जिनिव्हाच्या गटाने २०११ मध्ये शस्त्रक्रिया झालेल्या १५२ रुग्णांवर ती तपासली. १२८ ते २५६ इलेक्ट्रोडची टोपी आणि रुग्णाच्या स्वतःच्या एमआरआयवरून बनवलेला डोक्याचा नमुना वापरला, तेव्हा संवेदनशीलता, म्हणजे खरे मूळ पकडण्याचे प्रमाण, ८४ टक्के आणि विशिष्टता, म्हणजे खोटी खूण न दाखवण्याचे प्रमाण, ८८ टक्के मिळाली. कमी इलेक्ट्रोड आणि साचेबंद डोके वापरले तेव्हा आकडे ५७ आणि ५९ वर घसरले.

एमईजी ही तपासणी मेंदूतल्या याच विजेची चुंबकीय बाजू मोजते. कवटी वीज विखुरते, पण चुंबकीय क्षेत्राला फारशी अडवत नाही, हा तिचा फायदा. पण हे क्षेत्र पृथ्वीच्या चुंबकत्वापेक्षा कोट्यवधी पटींनी क्षीण. म्हणून आवरण घातलेली खोली, द्रवरूप हेलियमने उणे २६९ अंशांवर ठेवलेली संवेदके आणि डोके न हलवणारा रुग्ण, सगळे लागते. फीट येणाऱ्या मुलाला 'हलू नको' सांगणे किती चालते, हे आईबापांना विचारावे. जर्मनीतल्या एर्लांगनच्या केंद्राने २०१९ मध्ये हजार रुग्णांचा अनुभव मांडला: एमईजीने दाखवलेला भाग पूर्ण काढला गेला असेल तर निकाल सरस येतात. २०१८ मध्ये नॉटिंगहॅमच्या गटाने हेलियम न लागणारी, डोक्यावर घालता येणारी संवेदके दाखवली आणि मुलांच्या बाबतीत त्यांच्याकडून मोठी अपेक्षा आहे. ईईजी आणि एमईजी यांत श्रेष्ठ कोण, यावर दोन तट आहेत. मला तो वाद थोडा फुकाचा वाटतो. एमईजीला मेंदूच्या वळ्यांच्या भिंतींतला उगम चांगला दिसतो, ईईजीला माथ्यावरचाही दिसतो. दोघे एकमेकांची उणीव भरतात, आणि अडचण खरी तर खर्चाची आहे.

ठिकाण की जाळे

बाहेरच्या तपासण्यांचे एकमत झाले नाही, तर मेंदूत दहा-पंधरा बारीक तारा घालून आठवडा-दोन आठवडे झटक्यांची वाट पाहतात. तार जिथे आहे तिथलेच ऐकते, काही मिलिमीटरच्या पलीकडचे नाही. म्हणून प्रतिमांचे खरे काम पुष्कळदा तारा कुठे घालायच्या हे सांगण्याचे असते, सुरी कुठे चालवायची हे सांगण्याचे नव्हे.

या तारांच्या नोंदींतूनच मोठा प्रश्न उभा राहिला. बऱ्याच रुग्णांत झटका एका बिंदूत उगवत नाही. दूरदूरचे दोन-तीन भाग जवळजवळ एकदम जागे होतात. सुसान स्पेन्सर यांनी २००२ मध्ये अपस्मार हा जाळ्याचा आजार मानावा, अशी मांडणी केली. मार्सेयच्या फाब्रिस बार्तोलोमेई यांच्या गटाने कोणता भाग किती लवकर आणि किती जोराने सामील होतो याचा निर्देशांक काढला, आणि व्हिक्टर जिर्सा यांनी रुग्णाच्या स्वतःच्या जोडण्यांवरून संगणकात त्याच्या मेंदूची प्रतिकृती करून तीत झटके उठवून पाहण्याची दिशा दिली. ऋषीचे कूळ आणि नदीचे मूळ शोधू नये, असे आपल्याकडे म्हणतात. या पक्षाचे म्हणणे साधारण तसेच: झऱ्यांच्या जाळ्यातला एक झरा 'मूळ' ठरवणे सोयीचे, पण खरे नव्हे.

दुसऱ्या पक्षाकडेही उदाहरणे भक्कम आहेत. मेंदूच्या वळीच्या तळाशी लपलेला वाटाण्याएवढा डिस्प्लेझिया काढला आणि वर्षानुवर्षांचे झटके एका दिवसात थांबले, असे रुग्ण त्यांनी पाहिले आहेत. हायपोथॅलॅमसमधल्या हॅमार्टोमा या जन्मजात गाठीमुळे मूल कारण नसताना हसत सुटते. मेंदूच्या पृष्ठभागावरचा ईईजी तिथे दिशाभूल करतो आणि खोलवरची गाठ लेझरने जाळली की हसणे थांबू शकते. जाळे खरेच इतके स्वयंभू असते, तर एक गाठ काढून ते कोलमडले नसते, असा त्यांचा युक्तिवाद. मध्यममार्गी म्हणतात, काहींत बिंदू, काहींत जाळे आणि जुन्या आजारात बिंदूचे जाळे होत जाते. हे पटण्यासारखे आहे. पण समोरचा रुग्ण कोणत्या गटातला, हे शस्त्रक्रियेआधी सांगणारी खात्रीची कसोटी या मध्यममार्गाकडेही नाही.

यंत्राचा डोळा

माणसाच्या नजरेतून सुटलेले डाग संगणकाने शोधावेत, हे ताजे पर्व. लंडनमधून चालवलेल्या मेल्ड प्रकल्पाने २२ केंद्रांतल्या एक हजारावर लोकांच्या स्कॅनवर यंत्र शिकवले आणि २०२२ मध्ये निकाल दिले: डिस्प्लेझियाचे सुमारे ६७ टक्के डाग सापडले, विशिष्टता मात्र ५४ टक्के. म्हणजे निरोगी लोकांपैकी जवळजवळ निम्म्यांच्या मेंदूतही यंत्राने कुठे ना कुठे बोट ठेवले. पुढच्या आवृत्तीत खोट्या खुणा कमी झाल्या आहेत. समर्थक म्हणतात, हे जाणकाराच्या हातातले भिंग आहे, निवाडा नव्हे. शंका घेणारे विचारतात, जिथे जाणकारच नाही तिथे हे भिंग कोणाच्या हाती जाणार?

ताळा कसा घ्यायचा

शाळेत भागाकाराचा ताळा घ्यायला शिकवतात. इथे ताळा एकच: शस्त्रक्रियेनंतर झटके थांबले का? तो कच्चा आहे. वर दिलेल्या संवेदनशीलतेच्या टक्केवाऱ्या शस्त्रक्रिया झालेल्यांच्याच. ज्यांच्या तपासण्या दहा दिशांना गेल्या त्यांच्यावर सुरी चालतच नाही, आणि त्यांच्यात तपासणी किती चुकली हे कधी कळत नाही. झटके थांबले नाहीत, तर पत्ता चुकला की पत्ता बरोबर असूनही शेजारी भाषेचा किंवा हाताचा भाग होता म्हणून पुरेसे काढता आले नाही? थांबले, तर नेमक्या जागेमुळे की लोबचा मोठा तुकडा काढल्याने ती त्यात आपोआप आली? आणि थांबले म्हणजे किती काळ? क्वीन स्क्वेअरच्या ६१५ प्रौढ रुग्णांचा २०११ मधला आढावा सांगतो की, पाच वर्षांनी ५२ टक्के आणि दहा वर्षांनी ४७ टक्के झटकामुक्त होते.

तपासणी वापरलेला गट आणि न वापरलेला गट, अशी चिठ्ठ्या टाकून तुलना फार क्वचित होते. यूट्रेख्टमध्ये ती झाली, प्रतिमांची नव्हे तर उघड्या मेंदूवरच्या अतिवेगवान विद्युत्‌लहरींची. मागे वळून पाहणाऱ्या अभ्यासांत या लहरी फार आशादायक वाटत होत्या. २०२२ मध्ये निकाल लागला तेव्हा जुन्या ठिणग्यांवर विसंबलेल्या ३९ पैकी ३३ रुग्णांचे झटके थांबले होते, नव्या लहरींवर विसंबलेल्या ३९ पैकी २६ जणांचे. प्रतिमांच्या बऱ्याच पद्धती अशा परीक्षेला अजून बसलेल्याच नाहीत.

आपल्याकडे

भारतात एमईजी बंगळुरूच्या निम्हान्ससारख्या मोजक्या ठिकाणी आहे. पण सगळ्या तपासण्या सगळ्यांना लागतातच, हे तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेने मान्य केले नाही. कुरुपथ राधाकृष्णन यांच्या पुढाकाराने १९९५ पासून तिथे हिप्पोकॅम्पसच्या ठरावीक आजारात एमआरआय आणि व्हिडिओ ईईजी एवढ्यावर शस्त्रक्रियेचा निर्णय घेण्याची पद्धत रुजली आणि निकाल पाश्चात्त्य केंद्रांच्या जवळपास राहिले. दिल्लीच्या एम्समध्ये ११६ मुलांवर झालेल्या चाचणीत वर्षभरानंतर शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी ७७ टक्के झटकामुक्त होते, फक्त औषधांवर ठेवलेल्यांपैकी ७ टक्के. २०१७ सालचा हा निकाल. पण शस्त्रक्रिया झालेल्या ५७ पैकी १९ मुलांना गंभीर दुष्परिणाम झाले, त्यांत आधीच अपेक्षित असलेला अंगाच्या एका बाजूचा अशक्तपणाही होता. ही बाजूही त्याच अहवालात आहे.

जिल्ह्याच्या गावी अडचण याच्या बरीच अलीकडे असते. चिठ्ठीवर 'फीट' एवढेच लिहिलेले, पाच मिलिमीटरचे काप आणि अहवालात 'नॉर्मल'. मुंबई-पुण्याला पोहोचल्यावर पहिले काम बहुधा तोच एमआरआय नव्या पद्धतीने काढण्याचे. एवढे सगळे होऊन शस्त्रक्रिया झाली, तरी गोळ्या लगेच सुटत नाहीत. झटक्याविना काही काळ, बरेचदा वर्ष-दोन वर्षे, गेल्यावर डॉक्टर त्या एकेक करून उतरवतात. पत्ता बरोबर होता का, हे त्या महिन्यांत ठरत असते, आणि घरचे रात्री त्या खोलीचे दार अर्धे उघडे ठेवून झोपतात.